पूल होईपर्यंत

संगमनेर,
९ जुलै २०२२

प्रिय सायली,
सप्रेम जयभीम.

मामा म्हणाले की लग्न ठरेपर्यंत फोनवर बोलायचं नाही, काय असेल ते पत्रात लिहा. मला ते बरंच झालं. फोनवर माझं बोलणं अडतं आणि फोन ठेवला की सगळं आठवतं. पत्र मी आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहितो, मग पक्कं करतो. त्यामुळे चूक राहिली तर ती घाईची समजू नकोस, मला येत नसेल म्हणूनच राहिली असेल.

बैठकीनंतर आम्ही एसटीने नीट पोचलो. बाबा गेले तेव्हा मामांनी आईला शब्द दिला होता की माझी सायली तुझ्या घरात येईल. तोच शब्द ती मागायला आली होती. आणि तू सगळ्यांसमोर विचारलंस, बीएस्सीचं कॉलेज नदीच्या पलीकडे, तुमचं घर अलीकडे, आणि त्या पुलावर सायकलला जागा नाही, तर मी उसाच्या ट्रॅक्टरांमधून रोज जायचं कसं? आईला ते लागलं. मला नाही लागलं, कारण ते खरं आहे. डेअरीत कामाला जाताना मी रोज सायकलवर तो पूल ओलांडतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या शेजारून जातात तेव्हा मी कठड्याला पाय टेकवून उभा राहतो आणि श्वास घेत नाही. तुला मी तिथे उभं राहू देणार नाही.

मामा म्हणाले, मग पूल होईपर्यंत थांबू. सगळे हसले, कारण तिथे कोणालाच माहीत नव्हतं की पूल खरंच होणार आहे. जुन्याच्या जागी नवा, रुंद. नकाशा नगरपालिकेत भिंतीवर लावला आहे. मी जाऊन पाहिला. मोटारींना ऐसपैस जागा आहे, दोन्ही कडांना पायी चालणाऱ्यांना एकेक चिंचोळी पट्टी आहे, सायकलला काहीच नाही. पण खाली लिहिलं आहे की हरकती व सूचना लेखी द्याव्यात. मी देणार आहे.

तू अभ्यासाकडे लक्ष दे. पुलाचं माझ्यावर सोड.

तुझा,
संदीप


शेवगाव,
२४ जुलै २०२२

प्रिय संदीप,
जयभीम.

तुझं पत्र पोचलं. आमच्याकडे पाकिटावर कोणाचंही नाव असो, पत्र पप्पाच फोडतात. त्यांनी ते जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, दहावीनंतर शाळा सुटली या पोराची, तरी ऱ्हस्व-दीर्घ बघा, माझ्या चौथीच्या वर्गात नेऊन दाखवतो. आणि खरंच घेऊन गेले.

पुलाचं मी सहज बोलून गेले होते. तू त्यासाठी ऑफिसांत खेटे घालू नकोस. सरकारी काम आहे, आपण म्हातारे होऊ तरी व्हायचं नाही. त्यापेक्षा बारावीचा फॉर्म बाहेरून भर. तुझं वाचन चांगलं आहे, तुला जड जाणार नाही. आत्याला सांग की माझं बोलणं मनावर घेऊ नकोस.

हे पत्र पप्पांनी पाहिलं आणि दोन ठिकाणी सुधारलं. त्यांचा तुला आशीर्वाद आहे.

सायली


संगमनेर,
१८ नोव्हेंबर २०२२

प्रिय सायली,
सप्रेम जयभीम.

उशीर झाला, पण सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल नगरपालिकेच्या सभागृहात सूचनांवर सुनावणी झाली.

मी काय बोलायचं ते लिहून नेलं होतं. पण उभा राहिलो आणि माझंच अक्षर मला वाचता येईना. कसंबसं एवढं सांगितलं की सायकलला वेगळी वाट ठेवावी. तेवढ्यात काकासाहेब उठले. पुलाच्या तोंडाशी त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. सायकलला वाट दिली तर दुकानापुढे गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लावायच्या, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायकल आता चालवतं कोण? दूधवाले आणि शाळेच्या पोरी. त्यात तुला कुणाचा रे एवढा पुळका?"

मागे आई उठून उभी राहिली. मी तिला खाली बस म्हणून खूण केली, पण ती बसली नाही.

"माज्या सुनेला कालिजात जायचं हाय," ती म्हणाली. "ती टॅक्टरखाली गेली तर तुमी दुसरी आनून देताल का?"

सगळं सभागृह हसलं. काकासाहेबही हसले. बांधकाम खात्याच्या इंजिनिअर स्नेहल मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी आईला विचारलं, सून काय शिकते? आई म्हणाली, बीएस्सी. ते तिने असं सांगितलं की जणू स्वतःच शिकते आहे. तुला अजून सून म्हणायला नको होतं, त्याबद्दल मी तिला घरी आल्यावर बोललो. ती म्हणाली, आज न्हाई तर उद्या हायच की.

मॅडमनी नंतर मला नकाशापाशी बोलावून घेतलं. दोन्ही कडांच्या पट्ट्या इतक्या अरुंद आहेत की त्यांवर दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. चालणाऱ्यांना एकाच बाजूला धड रुंद जागा दिली तर दुसरी बाजू सायकलला देता येईल, पूल वाढवायची गरजच नाही, असं त्या म्हणाल्या. त्या वरिष्ठांकडे तसा सुधारित नकाशा पाठवणार आहेत. सायकलची बाजू रस्त्यापासून पिवळ्या पट्ट्याने वेगळी केलेली असेल.

सायली, हे होईल असं मला वाटायला लागलं आहे.

तुझा,
संदीप


शेवगाव,
११ डिसेंबर २०२२

प्रिय संदीप,
जयभीम.

आत्याचं सभागृहातलं बोलणं पप्पांनी दोनदा वाचून दाखवलं. मम्मी हसता हसता रडायला लागली. आता शेजारपाजारच्या बायकाही मला अडवून विचारतात की पूल कुठवर आला. मी सांगते की मला माहीत नाही.

मी नीट विचार केला. तू म्हणतोस तो पिवळा पट्टा म्हणजे शेवटी रंगाची रेघच ना? उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर रेघ बघून थांबत नाही. तिच्या भरवशावर जायची मला हिंमत होणार नाही, आत्ताच सांगते. म्हणजे तुझे एवढे कष्ट वाया जातील. तेव्हा तू आता हे सोड. खरंच सोड.

बारावीच्या फॉर्मचं काय केलंस ते लिहिलं नाहीस.

पप्पा म्हणतात की शंका काढायची सवय चांगली, विज्ञानाच्या मुलीला शोभते.

सायली


संगमनेर,
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय सायली,
सप्रेम जयभीम.

मधली दोन वर्षं मी तुला दिवाळीला आणि नववर्षाला फक्त कार्डं पाठवली, कारण सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मंजुरी अडकली होती, मग निविदा, मग निवडणुका. आता आहे. जुन्या पुलाचा एक भाग पाडला आहे आणि नव्याचे खांब नदीतून वर आले आहेत. तुझ्या पत्त्यावर आता जिल्हा अहिल्यानगर लिहितो, पहिल्यांदा लिहिताना चुकलो आणि पाकीट बदललं.

तुझी रेघेची शंका मी तेव्हाच स्नेहल मॅडमना लिहून दिली होती. त्या म्हणाल्या, मुलीचं बरोबर आहे, हे आमच्याच लक्षात यायला हवं होतं. आता नकाशात रेघ नाही. रस्ता आणि सायकलची वाट यांच्या मध्ये गुडघ्याएवढी सिमेंटची भिंत आहे, वर लोखंडी नळी. तिथे ट्रॅक्टरचं चाक आलं तरी आत येणार नाही. हे सगळं तुझ्या एका वाक्यामुळे झालं. मी कंत्राटदाराच्या माणसांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, मग वहिनींना सांगा एकदा येऊन बघून जायला.

तुझं "खरंच सोड" मी किती वेळा वाचलं असेल. माझी ओढाताण होऊ नये म्हणून तू ते लिहिलंस, हे मला कळतं. पण मला यात त्रास नाही. बाबा गेले, शाळा सुटली, तेव्हापासून मी सगळी कामं कोणीतरी सांगितली म्हणून केली. हे एकच मी आपणहून धरलं आहे. डेअरीतले लोक क्रेट उचलताना चिडवतात, काय संदीप, नवरी पुलाच्या कुठल्या खांबापर्यंत आली? मला राग येत नाही. मी सांगतो की अलीकडच्या.

बारावीचा फॉर्म भरायचा राहिला. पुढच्या वर्षी नक्की भरतो. तू आलीस की तुझ्याकडूनच शिकेन.

तुझा,
संदीप


शेवगाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय संदीप,
जयभीम.

भिंतीचं वाचलं. छान झालं.

माझं शेवटचं वर्ष आहे, प्रॅक्टिकल चालू आहेत. परीक्षा होईपर्यंत पत्र लिहायला जमणार नाही.

एक विचारते. तू हे सगळं माझ्या एकटीसाठी तर करत नाहीस ना? त्या पुलावरून शाळेच्या मुली जातील, दूधवाले जातील, तुझ्यासारखे कामाला जाणारे जातील. त्यांच्यासाठी केलं असं तू समजलास तर मला फार बरं वाटेल. मी आले काय, न आले काय, त्यांना ती वाट राहील.

आत्याला जयभीम सांग. तिची कंबर कशी आहे?

सायली


संगमनेर,
१६ एप्रिल २०२५

प्रिय सायली,
सप्रेम जयभीम.

पूल सुरू झाला. परवा जयंतीची मिरवणूक त्याच्यावरून गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी खुला केला. मी कामावरून उशिरा जायची परवानगी काढून उभा होतो. पहिल्यांदा शाळेच्या मुली आल्या, गप्पा मारत, शेजारी शेजारी सायकल चालवत. पुलावर कोणी शेजारी शेजारी सायकल चालवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या पलीकडून ट्रॉली गेली आणि एकीनेही मान वळवून पाहिलं नाही.

मग मी गेलो. मध्यावर थांबलो नाही. थांबायची गरजच पडली नाही.

तू विचारलंस की हे तुझ्या एकटीसाठी तर नाही ना. तुझं मन मोठं आहे, तुला सगळ्यांची काळजी. पण मी तुला खोटं कशाला लिहू? तुझ्यासाठीच केलं. बाकीच्यांना मिळालं याचा आनंद आहे, पण त्यांच्यासाठी मी त्या सभागृहात उभाही राहू शकलो नसतो.

आईने मामांना फोन केला होता. मामा म्हणाले, पूल झाला, डिग्रीही होईल, आता माझ्या शब्दाला आडवं काही राहिलं नाही. एमएस्सी इथल्याच कॉलेजात आहे, मी चौकशी करून ठेवली आहे. तुझ्यासाठी एक लेडीज सायकल आणली आहे. जुनी आहे पण मी पूर्ण उघडून नीट केली. सीटची उंची अंदाजाने ठेवली आहे. तू आलीस की कमी-जास्त करू.

तुझा,
संदीप


पुणे,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय संदीपदादा,

हे पत्र मी हॉस्टेलवरून लिहिते आहे. हे कोणी वाचलेलं नाही, कोणी सुधारलेलं नाही. तुला कळलंच असेल, इथे एमएस्सीला मेरिटमध्ये नाव लागलं. पप्पांनी सोडलं ते या बोलीवर की दिवाळीनंतर लग्न करायचं आणि पुढच्या वर्षी संगमनेरला बदलून घ्यायचं.

वर लिहिलेली हाक तू बघितली असशील. लहानपणी तुमच्याकडे सुट्टीला आले की मी तुला दादा म्हणायचे. एकदा आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. "ह्याला दादा म्हनायचं न्हाई गं, आत्याचा पोरगा हाय," म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मला काही कळलं नाही, पण मी म्हणायचं बंद केलं. तोंडाने बंद केलं. मनात तू तोच राहिलास, माझ्या ताटातली भाकरी पळवणारा, मला पोहायला शिकवताना स्वतः घाबरणारा. मी खूप प्रयत्न केला, दादा. तुझी पत्रं पप्पा वाचायचे तेव्हा मी डोळे मिटून दुसरं कोणी लिहिलंय असं समजून ऐकायचे. नाही जमलं.

बैठकीत मला नाही म्हणायचं होतं. समोर आत्या पदर पसरल्यासारखी बसली होती, पप्पांचा शब्द होता, सगळे चहा घेऊन थांबले होते. आत्याच्या मुलाला नाही म्हणायला आपल्यात मुलीकडे शब्दच नाही. काहीतरी अडचण सांगायची आणि मोठ्यांनी समजून घ्यायचं, एवढंच असतं. मला पूल सुचला. मला वाटलं हा काही माझ्या आयुष्यात होत नाही. आणि तू तो करायला निघालास. मग मी रेघेचं लिहिलं, तर तू भिंत बांधून घेतलीस. मी जी म्हणून अडचण काढीन ती तू दूर करशील, हे कळल्यावर मी पत्र लिहिणंच थांबवलं.

दुसरं कोणी नाही. असतं तर तुला माझ्यावर रागावता आलं असतं.

दिवाळीला घरी गेले की मी पप्पांना सांगणार आहे. ते माझं शिक्षण थांबवून मला परत नेतील, ते मला माहीत आहे. त्यांनी तसं इकडे पाठवतानाच सांगितलं होतं. तरी सांगणार. पण सगळ्यांच्या आधी तुला सांगायला हवं होतं, आणि मला तीन वर्षं लागली.

सायकल कोणाला तरी दे.

सायली


संगमनेर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सायली,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला उशीर झाला. कच्ची पुष्कळ झाली. पक्कं करण्यासारखं एकही नव्हतं. आता करण्यासारखं करून झालं आहे, म्हणून लिहितो.

तू दिवाळीला घरी जायच्या आधीच मी शेवगावला जाऊन आलो. आईला सांगितलं की मामांनी बोलावलं आहे, म्हणून तीही आली. चहा झाल्यावर मी मामांना सांगितलं की मला सायलीशी लग्न करायचं नाही. मामींच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मामा आधी हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतो. मग विचारलं, कारण काय? मी म्हणालो, दुसरी मुलगी आहे.

कारण आधी ठरवून गेलो नव्हतो. काहीतरी द्यायला हवं होतं.

मामा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तुझं अक्षर बघून मी तुला माणूस समजलो." एवढंच. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. निघताना त्यांनी माझी सगळी पत्रं परत दिली. त्यांनी ती तारखेप्रमाणे लावून ठेवली होती.

तुला घरी गेल्यावर हे सगळं कळलं असेल. तू काही बोलली नसशील अशी आशा आहे. बोलू नकोस. मामा आता तुझी बाजू घेतात, मामी तुला जवळ घेऊन रडल्या असतील. तुझी एमएस्सी पुण्यालाच पुरी होईल, मामांनी आईला फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, माझ्या पोरीचा अपमान केला तुझ्या पोराने, आता ती शिकेल तेवढी शिकवीन. मला ते ऐकून बरं वाटलं. त्यानंतर त्यांनी आईला फोन केलेला नाही.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. रागावून पाहिलं. तू एकदा स्पष्ट लिहिलं असतंस तर, असं म्हणून पाहिलं. पण ते पत्र मामांनीच फोडलं असतं, आणि मी तर "खरंच सोड" एवढं स्पष्टही वाचू शकलो नाही.

तू घातलेली हाक मी सही करताना लिहून पाहिली. कच्च्या कागदावर लिहिता आली. पक्क्यावर अजून जमत नाही. जमली की पत्र पाठवीन. तोपर्यंत तूही लिहू नकोस.

सायकल डेअरीतल्या दगडाबाईच्या नातीला दिली. सीट तिला उंच होती, खाली घेतली.

आई सुरुवातीला माझ्याशी बोलत नव्हती. स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि दुसरीकडे बघायची. आता बोलते. ती मुलगी कोण, एवढंच विचारते. मी सांगतो की तिच्या घरच्यांना अजून विचारायचं आहे. मग तिने विचारलं, आपल्यातलीच हाय ना? मी हो म्हणालो. शिकलेली हाय? हो म्हणालो. परवा म्हणाली, नाव नको सांगू, पन ऱ्हाती कुटं एवढं तरी सांग. मी म्हणालो, पुलाच्या पलीकडे.

तेव्हापासून कॉलेज सुटायच्या वेळी आई पूल ओलांडून पलीकडच्या टोकाला जाऊन बसते. सायकलवरून येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघते. कालपासून ती एकदोघींकडे बघून हसायलाही लागली आहे.

संदीप